दुसऱ्याच्या मोबाइलमधलं नाव

सोमवार, ३ नोव्हें.
दिवसाची सुरुवात बावड्यात एका बंद दारापुढं. पावणेसातला पोचले. तिथली बेल कधीचीच बंद, म्हणून फोन केला. कट. परत केला. कट. तिसऱ्यांदा केला तर स्विच ऑफ. आत टीव्हीवर भजन लागलेलं ऐकू येतंय. उपाशीपोटीचं रक्त द्यायचंय, आजोबांचा चहासाठी जीव चाललेला असणार आणि मी बाहेर सॅम्पलचा डबा घेऊन उभी. शेवटी खिडकीच्या गजावर हेल्मेट आपटलं तेव्हा सून आली.
"तुमचा फोन व्हय तो? अवो, आमी म्हटलं कोण फ्रॉडवाला हाय."
मोबाइल पुढं धरला तिनं. लाल भडक पट्टी. माझा नंबर. वर मोठ्या अक्षरात — फ्रॉड बाई. खाली बारीक : अनेकांनी तक्रार केली आहे, सावध राहा.
नाव दाखवणारं ॲप म्हणे. अनोळखी नंबर आला की कोणाचा ते सांगतं. फुकट असतं, भाच्यानं टाकून दिलंय. माझा नंबर त्या घरात कुणी सेव्हच केलेला नाही. दर पंधरा दिवसांनी जाते तरी.
आजोबांना सुई दोनदा मारावी लागली. वीस वर्षांत माझं असं फार वेळा झालेलं नाही. त्यांनी आपणहून दुसरा हात पुढं केला. मलाच लाज वाटली.

मंगळवार, ४
आज तिघांनी उचलला नाही. चौथ्यानं उचलला आणि "ओटीपी मागशील आता, ठावं हाय मला" म्हणून आईवरून शिवी दिली. मी म्हणतेय, अहो दादा, तुमची थायरॉइडची तपासणी आहे, मी लॅबमधून बोलतेय. ठेवून दिला.
गाडी रस्त्याकडेला लावून पाच मिनिटं नुसती बसले. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या कारखान्याकडं. सगळी धूळ तोंडावर.
विचार केला, कुणी केली असेल तक्रार? कुणीही. मी सहाला फोन करते, "चहा घेऊ नका, येतेय." अर्धवट झोपेत माणूस वैतागतो, समोर लाल बटण दिसतं, दाबतो. झालं. दाबणारा परत झोपला. मी फ्रॉड.
सोळा वर्षं हाच नंबर. मंगळवार पेठेतल्या निम्म्या डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली आहे.

बुधवार, ५
मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलते. एसी, टोकन, भिंतीवर दात दाखवणारी बाई. दीड तास. काउंटरवरच्या मॅडमनी ऐकून घेतलं, मान हलवली.
"ते आमच्याकडं येत न्हाय हो. ते ॲपवाल्यांचं. आमी फक्त नेटवर्क देतो."
नेटवर्क तरी कुठं देता, असं तोंडावर आलेलं गिळलं.
"तुमी नवीन नंबर घ्या की. ऑफर चालू हाय."
म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि घर मी बदलायचं. आणि नव्या नंबरवरून सकाळी सहाला फोन केला तर लोक काय ओवाळणार आहेत मला?
बाहेर पडते न पडते तोवर मेसेज : आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच आकडा पाठवा. मी शून्य पाठवला. उत्तर आलं — अवैध पर्याय.

गुरुवार, ६
कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. हिंदी सुरू. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है." बावीस मिनिटं बासरी. माणूस आलाच नाही, फोन कटला. मग त्यांच्याच नंबरवरून उलटा फोन, मी धावत जाऊन उचलला, तर कॉलर ट्यून विकायला.
किळस आली. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, ७
दुपारी लॅबच्या कॉम्प्युटरवर त्या ॲपचीच साइट उघडली. आधी मी माणूस आहे हे सिद्ध करा म्हणे. सिग्नल असलेली चित्रं निवडा. निवडली. आता जिने निवडा. निवडले. आता मोटरसायकली. मला फ्रॉड ठरवताना कुणाला एक चित्र ओळखायला लागलं नव्हतं.
शेवटी कळलं ते असं : नाव दुरुस्त करायचं तर आधी ॲप आपल्या मोबाइलमध्ये घ्या. घेताना परवानगी द्या. कॉल, मेसेज आणि सेव्ह केलेले सगळे नंबर.
तिथं थांबले.
माझ्या मोबाइलात साडेतीनशे पेशंट आहेत. एकसारखी नावं असतात, ढीगभर पाटील, ढीगभर शिंदे, म्हणून मी पुढं खूण लिहिते. पाटील काकू शूगर. शिंदे किडनी दुसरा मजला. कदम कुत्रं सांभाळा. हे सगळं त्यांच्याकडं जाणार, आणि उद्या पाटील काकूंनी कुठं फोन केला की पलीकडच्याला दिसणार, पाटील काकू शूगर. मी फ्रॉड बाई झाले ती अशीच की. कुणाच्या तरी मोबाइलात मी कशी लिहिलेली आहे, ते गावाला दिसतंय.
आणि अ. आहे.
बावड्यात खोली घेऊन एकटी राहते, मूळची मुरगूडची. बालवाडीत शिकवते. मानेत गाठ आली, तपासली, टीबी निघाला. गाठीचा. ह्यातनं कुणाला काही लागत नाही, डॉक्टरांनी दहादा सांगितलंय. पण घरमालकाला, बालवाडीवाल्यांना हे कोण पटवणार? गोळ्या लिव्हरवर जातात म्हणून दर महिन्याला रक्त बघायचं. लॅबमध्ये यायला घाबरते, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. पहिल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "मावशी, कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, माझ्याकडनं मरेपर्यंत कळणार नाही.
ह्या वहीतसुद्धा मी तिचं नाव लिहीत नाही. आणि मोबाइलात नावापुढं सरळ लिहून ठेवलंय — मुरगूड टीबी.
ॲप घेतलं नाही. साइट बंद केली.

शनिवार, ८
सरांनी आत बोलावलं. लॅब त्यांची, माणूस वाईट नाही, पण तक्रारी आल्यात. दोन पेशंट दुसऱ्या लॅबला गेले.
"मॅडम, आठवडाभर बघा. न्हायतर बावड्याचा एरिया दुसऱ्या कुणालातरी देतो तात्पुरता."
दुसऱ्याला म्हणजे अ.कडंही दुसरं कुणी जाणार. ती दार उघडणार नाही, रक्त देणार नाही. मला माहिती आहे ती.
सरांना हे सांगता येत नव्हतं. "बघते," एवढंच म्हटलं.

रविवार, ९
सकाळी विहारात. वंदनेत लक्ष लागलं नाही. शेजारी बसलेलीच्या पर्समध्ये मोबाइल थरथरत होता आणि मी विचार करत होते, हिनं मला काय म्हणून लिहिलं असेल.
घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. सीझन सुरू झाल्यापासून एकच सुट्टी मिळते, ती मोबाइलात घालवतात. बिल्डिंगमध्ये कुणाचंही काही अडलं की ह्यांनाच हाक. त्याचा भारी अभिमान.
"आण इकडं. पाच मिनिटाचं काम हाय."
"न्हाय. पेशंटांची नावं जातात त्यात."
"कुणाला काय करायची हायत तुझ्या पेशंटांची नावं? त्यांना दुसरं काम न्हाय व्हय?"
"न्हाय म्हटलं ना."
परत आपल्या मोबाइलात डोकं घातलं. मला वाटलं, विषय संपला.

सोमवार, १०
अंघोळ करून बाहेर आले तर हे दारात, माझा मोबाइल हातात, तोंडभर हसू.
"झालं बघ. आता बघ नाव."
सौ. संगीता कांबळे, लॅब टेक्निशियन. पुढं हिरवी खूण.
मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विचारलं, परवानगी कशाकशाला दिली? म्हणाले, मागितली तेवढी दिली, त्याशिवाय पुढंच जाईना.
काय काय बोलले ते लिहीत नाही. वरच्या मजल्यावरची खाली डोकावून गेली. ह्यांचं हसू हळूहळू गेलं. "तुझ्यासाठीच केलं की गं," म्हणाले. तेही खरंच आहे. बावडा जाईल म्हणून मी रात्री जेवले नव्हते, ते बघितलं होतं त्यांनी.
ॲप काढून टाकलं. काढताना विचारतं, जाताय? आम्हाला वाईट वाटलं. कारण सांगा. त्यांच्या यादीत माझं कारण नव्हतं.

मंगळवार, ११
आज सगळ्यांनी पहिल्या रिंगला उचलला. सगळ्यांनी. एकानं तर "बोला कांबळे मॅडम" म्हटलं. ह्याआधी त्यानं माझं नावही कधी विचारलं नव्हतं.
मला बरं वाटलं. ह्याची सगळ्यात जास्त शिसारी आली.

गुरुवार, १३
ॲपवाल्यांना ईमेल केला. लॅबच्या रिसेप्शनच्या पोरीनं इंग्रजीत लिहून दिला. माझ्या मोबाइलातनं गेलेली नावं पुसून टाका, ही आजारी माणसं आहेत. दोन मिनिटांत उत्तर. इतक्या लवकर आलं तेव्हाच ओळखलं, वाचलेला नाही. प्रिय ग्राहक, तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे. खाली पाच तारे. तुमचा अनुभव कसा होता, तारे देऊन कळवा.
दुपारी बसून मोबाइलमधली सगळी नावं बदलली. शूगर काढलं, किडनी काढली, कुत्रं काढलं. साडेतीनशे. अंगठा दुखायला लागला. अ.च्या पुढचं सगळ्यात आधी काढलं. आता नुसतं नाव.
पण जे गेलं ते गेलंच होतं की.

सोमवार, १७
आजोबांकडं. ह्या खेपेला दार उघडंच. सून हसतच आली.
"मॅडम, गंमत ऐका. आजोबांनी काल माझ्या मोबाइलवरनं भाच्याला फोन लावला. त्यानं नवा मोबाइल घेतलाय, नंबर कुणाचे सेव्ह न्हाईत अजून. तर त्याच्या मोबाइलवर काय यावं? 'आजोबा शूगर बेल बंद'!"
आजोबा पण हसत होते. "शुगर हायच की मला. आणि बेल बी बंदच हाय. खोटं काय हाय त्यात?"
मी खाली बघून पट्टा बांधत होते. शूगर. शू दीर्घ. मी तसंच लिहिते, चुकीचं. बेल बंद माझंच. अक्षर न अक्षर माझं.
काढून टाकलं म्हणून काही होत नाही. नावं बदलली म्हणून काही होत नाही. ते तिकडं आहे आणि फिरतंय.
निघताना डोक्यात आलं, सुनेच्या मोबाइलात ॲप आहे, त्यात अ.चा नंबर टाकून बघू या काय येतं. "जरा द्या हो, एक नंबर बघायचाय," म्हणून घेतला. नऊ आकडे टाकले. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. बावड्यातलीच बाई, दोन गल्ल्या सोडून बालवाडी. आलं असतं तर हिच्याच डोळ्यांसमोर आलं असतं.
पुसून टाकले. "ऱ्हाऊ दे, नंबर चुकीचा हाय वाटतं."
म्हणजे मला ते कधी कळणारही नाही.

मंगळवार, १८
ह्यांना आजोबांचं सांगितलं. ताटावरून उठले नाहीत, पण घास तसाच हातात.
"तिला सांगायचं काय?" म्हणाले.
"तुमाला काय वाटतं?"
"न्हाय कळलं तिला तर बरंच की. उगीच घोर लावून द्यायचा."
मला हेच वाटत होतं गेले आठ दिवस. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा घाण वाटलं. ॲपवाले तरी दुसरं काय करतात? माणसाला कळलं नाही तोवर सगळं ठीक.

गुरुवार, २०
सांगितलं.
अ.चा रक्ताचा दिवस होता. सात वाजता गेले. खोलीत कोपऱ्यात फळा, त्यावर फुगे काढलेले, बालदिनाचे राहिलेले. चहा टाकायला लागली माझ्यासाठी. मी म्हटलं, आधी बस.
सांगताना मी ह्यांचं नाव मधे घेतलं. "मी न्हाय म्हटलं होतं, ह्यांनी टाकलं." बोलतानाच कळलं, कशी वाटतेय मी.
तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल.
"काय म्हणून लिहिलंय तुमी मला?"
सांगितलं.
"टीबी? नुसतं टीबी? गाठ पण न्हाय लिहिली?"
"अगं, मला लक्षात राहावं म्हणून —"
"आडनाव पण न्हाय. मुरगूड टीबी."
गॅसवर चहा उतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला आणि पाठ करून उभी राहिली.
"मावशी, मी रोज पोरांच्या आयांना फोन लावते. ताप आलाय, पडलाय, न्यायला या. सगळ्या नव्या आया ह्या वर्षी. माझा नंबर कुणाकडं सेव्ह हाय आणि कुणाकडं न्हाय, मला कसं कळणार?"
मी म्हटलं, आलंच असेल असं नाही. दुसऱ्या लोकांनी तुला टीचर म्हणून लिहिलं असेल, तेही येऊ शकतं. ईमेल केलाय. मलाच ते त्या बासरीसारखं वाटलं.
"बालवाडीच्या मोठ्या बाई मंगळवारी म्हणाल्या, दोन आया पोरांचा वर्ग बदलून मागतायत. कारण सांगितलं न्हाय."
मी बॅग पुढं ओढली.
पट्टा काढला, तर तिनं बाही खाली ओढली. "आज नको."
"शेवटचे दोन महिने राहिलेत गोळ्यांचे. लिव्हर बघायला पाहिजे, अ. मागल्या खेपेला थोडं वाढलेलं होतं."
"आज नको म्हटलं ना. जावा तुमी."
जिन्यात घरमालकीण भेटली. "काय ओ मॅडम, दर महिन्याला कशाला येता हिच्याकडं?" दर वेळी हसून बोलणारी बाई. आजही हसतच होती. आज मला ते हसणं समजेना. म्हटलं, रक्त कमी आहे तिचं.

शनिवार, २२
वर्ग बदलून मागण्याचं कारण दुसरंही असू शकतं. वेळ असेल. बसची सोय असेल. मी दोन दिवस कारणं जुळवतेय.
हे म्हणाले, "मी येतो तिच्याकडं. माझी चूक हाय, मी सांगतो."
"तुमी टाकलं. पण लिहिलं मी."
"तू कामापुरतं लिहिलंस."
"ज्यानं फ्रॉड बाई लिहिलं त्यानं बी कामापुरतंच लिहिलं असेल की."
ह्यांनी आपल्या मोबाइलमधूनही ते ॲप काढलं. त्यांच्यात होतं हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं. म्हणजे मी कधीचीच गेलेली होते त्यात, ह्यांनी जे काही लिहिलं असेल त्या नावानं. काय लिहिलंय, विचारलं नाही.

मंगळवार, २५
सरांनी खुशीत सांगितलं, बावडा तुमच्याकडंच राहू दे, लोक चांगलं बोलतायत. मग यादी बघितली. "ही एक पेंडिंग का दिसतेय?"
"करते," म्हटलं.
सकाळी अ.ला फोन केला. पूर्ण रिंग गेली. दुपारी केला. तसंच. मेसेज टाकला : रक्त तपासायला हवं, माझ्याकडून नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून दे, पण दे. डोळे पिवळे वाटले, मळमळलं, तर लगेच डॉक्टरांकडं जा. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचला. उत्तर नाही.
संध्याकाळी परत बोट त्या नावावर गेलं. लावला नाही. सतत फोन करणाऱ्या बाईलाही लोक लाल बटण दाबतात, आणि तिनं दाबलं तर बरोबरच आहे.

बुधवार, २६
बावड्यात दिवसभर. बालवाडीवरून दोनदा गेले. एकदा मुद्दाम. पोरं ओरडत होती आत, बाराखडी. तिचा आवाज त्यात आहे का, ते गाडी थांबवल्याशिवाय कळलं नसतं. थांबवली नाही.
उद्या गुरुवार. सातला जाणार. फोन न करता. नळ्या, सुई, कापूस वेगळे काढून ठेवलेत, लेबलवर नाव न घालता.
दार उघडलं तर रक्त घेईन आणि काही बोलणार नाही.
नाही उघडलं तर गजावर हेल्मेट आपटणार नाही. शुक्रवारी पुन्हा जाईन.